दिवस राहायच्या आधी गोळी बदलून घे

पत्र: "ताई, माझं वय 26. माहेर सत्तरीत, लग्न होऊन फोंडा तालुक्यात आले त्याला 14 महिने झाले. चौदाव्या वर्षापासून मला फिट्स येतात. मोठ्या फिट्स एकूण चारच आल्यात, पण सकाळी उठल्या उठल्या हात असे उडतात की कप पडतो. गोळी सोडियम व्हॅल्प्रोएट, दिवसाला 1000 मिलिग्रॅम. ती चालू असली की काही होत नाही. सासरी कुणालाच माहीत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, आईने शपथ घातली होती. गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवते. आता घरात सगळ्यांना बाळ हवंय, मलाही हवंय. पण मोबाईलवर वाचलं की या गोळीने बाळाचा मेंदू बिघडतो, म्हणून चवथीच्या तोंडावर मी ती बंदच केली. चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेवऱ्यांचं ताट माझ्या हातून उडालं. सासूबाई म्हणाल्या, हिचं लक्षच नसतं. पाळी परवाच येऊन गेली, त्यामुळे दिवस नाहीत. गोळी घेऊ की नको? बाळ होऊ देऊ की नको? आणि हे सगळं सांगू तरी कुणाला?"

अगं, आधी आज रात्रीचं बोलू, बाकीचं मग. तुझ्या डॉक्टरांना आजच फोन लाव, गोळी किती दिवस बंद होती ते खरं खरं सांग आणि ते म्हणतील तसा नेहमीचा डोस परत चालू कर. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून दोन-तीन एकदम घ्यायच्या नाहीत. डॉक्टर फोनवर नाहीच मिळाले तर जवळच्या सरकारी इस्पितळात जा आणि तिथे सांग, पण आजचा दिवस वाया घालवू नको, कारण ताट उडालं ते लक्ष नसल्यामुळे नव्हे, तो झटकाच होता, आणि असे झटके वाढायला लागले की त्यांच्या पाठोपाठ मोठी फिट येऊ शकते. स्कूटर चालवत असशील तर सध्या तिला हात लावू नको, बसने जा. न्हाणीघराचं दार नुसतं लोटून घे, आतून कडी नको. आणि पुढचं सगळं मार्गी लागेपर्यंत दिवस राहणार नाहीत याची पक्की काळजी घे, हे मी खाली परत सांगणार आहे कारण तुझ्या पत्राचं अर्धं उत्तर यातच आहे.

मी डॉक्टर नाही. 31 वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, आणि तुझं पत्र वाचताना मला एक मुलगी डोळ्यासमोर आली, तेवीसेक वर्षांची असेल. सातव्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास आणली होती, एक फिट संपत नाही तोवर दुसरी. हातातल्या हिरव्या बांगड्या फुटून मनगटाला लागल्या होत्या आणि नवरा बिचारा कापलेला कांदा हातात धरून उभा होता, वाटभर तिला हुंगवत आणला असणार. शेजारणीने सांगितलं होतं की गोळ्यांनी पोर वेडं होतं, म्हणून तिने तिसऱ्या महिन्यात गोळी सोडली होती, घरात कुणाला न सांगता. ती वाचली. बाळ नाही वाचलं. तिला गोळी लिहून देणाऱ्यांपैकी एकानेही लग्नाआधी पाच मिनिटं समोर बसवून हा विषय काढला नव्हता. तुझ्या बाबतीतही तेच झालंय असं दिसतं, बारा वर्षं तू गोळी घेतेस आणि हे तुला मोबाईल सांगतो, याचा मला मनापासून राग येतो.

आता तू वाचलंस त्याबद्दल. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. अर्ध्या माहितीवर तू गोळी सोडलीस, म्हणून पूर्ण सांगते.

खरी बाजू आधी. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या 25 केंद्रांत 1999 ते 2004 या काळात फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर बायकांची नोंद केली आणि त्यांची मुलं सहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. 2013 साली निकाल छापून आला. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या आयांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 108, फेनिटॉइनवाल्यांचा पण 108, कार्बामाझेपिनवाल्यांचा 105 आणि व्हॅल्प्रोएटवाल्यांचा 97. सरासरीत 8 ते 11 अंकांचा फरक, आणि डोस जास्त तसं नुकसान जास्त. मग ऑटिझम. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या जवळपास 43 लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासून आलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात सगळ्या मुलांमध्ये आठव्या वर्षापर्यंत ऑटिझमचं प्रमाण 100 मध्ये 2 च्या आत होतं, आईला फिट्स आहेत पण गोळी घेतलेली नाही अशा मुलांत 4 च्या थोडं वर, आणि व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांत 10 च्या वर. हा मधला आकडा नीट बघ. काही जोखीम फिट्सच्या आजारासोबतच येते, गोळीचा त्यात हात नसतो, ती वजा करूनसुद्धा व्हॅल्प्रोएटचा दोष उरतोच. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत मात्र तसा उरला नाही, तिथे आकडा 4 च्या आसपासच राहिला.

शरीरातली व्यंगं, म्हणजे मणक्याची, हृदयाची, टाळूची, त्याचाही हिशेब आहे. अनेक देशांच्या मिळून चालणाऱ्या एका नोंदवहीचे आकडे 2018 मध्ये आले: व्हॅल्प्रोएटवर 100 बाळांमागे 10, लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटमवर 3 च्या आत. आणि तिन्ही लोकात फिरून कुणी तुला सांगितलं की डोस कमी केला की झालं, तर त्याच नोंदवहीत दिवसाला 650 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांतही 6 च्या वर आहेत. तू 1000 वर आहेस.

हे असं का होतं ते मला सांगायचंच आहे, कारण ते कळलं की 'आधी' या शब्दावर मी एवढा जोर का देते ते तुला आपोआप कळेल.

तू सत्तरीची, तरवा बघितलेला असशील. भाताचं बी दाट पेरतात, रोपं टरारून वर येतात, मग उपटून शेतात लावतात. बाळाच्या मेंदूचंही सुरुवातीला असंच असतं. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाठीच्या बाजूला पेशींची एक पट्टी तयार होते, ती दोन्ही कडांनी वर येऊन पन्हळीसारखी होते आणि मिटून नळी होते, आणि साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी बंद झालेली असते. तिच्यातूनच मेंदू आणि मज्जारज्जू. अठ्ठावीस दिवस म्हणजे बघ, पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोपर्यंत कळलेलंही नसतं. नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी हा मेंदूचा तरवा. त्या दुप्पट चौपट होत जातात आणि त्यांच्यातून मेंदूच्या पेशी निघून आपापल्या जागी जाऊन बसतात, मेंदूच्या वरच्या थरातल्या बहुतेक पेशी गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यातच जन्मलेल्या असतात.

व्हॅल्प्रोएट या तरव्यात शिरतं. आपल्या पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि कुठला भाग घट्ट राहायचा, कुठला सैल करून वाचायचा, यावर पेशी काय होणार ते ठरतं. व्हॅल्प्रोएट हे गुंडाळणं सैल करतं, जिथे व्हायला नको तिथेही, हे 2001 मध्ये कळलं. आणि 2022 साली फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या एका टीमने उंदरांच्या गर्भात आणि माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या इवल्याशा प्रतिकृतींमध्ये दाखवलं की या औषधाने अस्तरातल्या काही पेशी अकाली म्हाताऱ्या होतात. मरत नाहीत, नुसत्या थांबतात, पुढे दुप्पट व्हायचं सोडून देतात. तरवाच विरळ झाला तर शेत कसं भरणार? उंदरांमध्ये ही म्हातारं करणारी एक कळ काढून टाकली तेव्हा मेंदूचा कमी झालेला आकार बऱ्यापैकी सावरला, त्यामुळे दुवा हाच असावा असं वाटतं. त्यावरून माणसासाठी उपाय निघालेला नाही, तो आज तुझ्या कामाचा पण नाही, पण गर्भातल्या मेंदूत नेमकं काय बिघडतं हे असं पेशी-पेशीने दिसायला लागलंय याचं मला फार अप्रूप आहे. आमच्या वेळी आम्ही एवढंच म्हणायचो, "गोळीचा परिणाम".

गंमत बघ या औषधाची, 1882 पासून हे द्रव्य माहीत होतं आणि ऐंशी वर्षं ते प्रयोगशाळेत दुसरी औषधं विरघळवायला वापरायचे. 1963 मध्ये फ्रान्समध्ये लक्षात आलं की विरघळवलेलं औषध कुठलंही असो, फिट्स थांबतातच, म्हणजे काम हे विरघळवणारंच करतंय. आणि काम ते खरंच करतं. तू लिहिलंस त्यावरून, चौदाव्या वर्षी सुरुवात, सकाळी उठल्यावर हात उडणं, यावरून मला एका विशिष्ट प्रकाराची शंका येते, त्याला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात, पण ते नाव तुझा ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, बघून डॉक्टरांनी द्यायचं, मी नाही. या जातीच्या फिट्सवर व्हॅल्प्रोएटसारखं दुसरं नाही, 2021 मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीतही ते लेव्हेटिरासेटमपेक्षा सरस ठरलं. तेव्हा ज्यांनी तुला शाळकरी वयात ही गोळी दिली त्यांनी आजार ओळखून दिली. चूक पुढची आहे. मुलगी मोठी झाली, लग्न ठरलं, तरी केसपेपरवर तीच गोळी तशीच पुढे ओढत राहिले.

आता तुझ्या मोबाईलने न सांगितलेली बाजू. गोळी बंद करून बाळ सुरक्षित होत नाही. मोठ्या फिटमध्ये आईचा श्वास अडतो, ऑक्सिजन कमी होतो, ती पोटावर पडू शकते, आणि फिटमागून फिट लागली तर दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, वर सांगितलं तसं. तुझ्यापुढे गोळी किंवा बाळ अशी निवड नाहीच मुळी. दुसऱ्या गोळ्या आहेत. बुद्ध्यांकाचा तो अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पुढे दुसरा अभ्यास केला, त्यात बहुतेक बायका लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटमवर होत्या, आणि त्यांची मुलं दोन आणि तीन वर्षांची झाल्यावर भाषेच्या चाचण्या घेतल्या तेव्हा फिट्स नसलेल्या आयांच्या मुलांच्या बरोबरीनेच निघाली. आपल्याकडेही आहे बरं का, केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1998 पासून फिट्स असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही चालू आहे, आणि तिथल्या जवळपास निम्म्या बायकांना नऊ महिन्यांत एकही फिट आली नाही. दिवस राहायच्या आधीचा महिना ज्यांचा बिनफिटचा गेला त्यांचं पुढेही बरंच चांगलं गेलं. म्हणून मूल होऊ दे का, तर हो, होऊ दे. फक्त उद्या नको. आणि तुझा आजार बाळाला येईल का हे तू विचारलं नाहीस पण मनात असणारच, तर शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांना येत नाही.

मग करायचं काय, ते आता सरळ सांगते. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बांबोळीला, न्यूरोलॉजीची ओपीडी आहे, तिथे जा, किंवा तुझे स्वतःचे न्यूरोलॉजिस्ट असतील तर त्यांच्याकडे. सगळे जुने केसपेपर, ईईजी, आणि गोळीची रिकामी पट्टी सोबत ने. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच, सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड, डायव्हॅल्प्रोएक्स, तिन्ही एकाच घरची, नावाला फसू नको. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हण: "मला मूल हवं आहे आणि मी व्हॅल्प्रोएटवर आहे." मागे रांग असते, डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, तू झटक्यांपासून सुरू केलंस तर ते डोस वाढवून देतील आणि तू बाहेर येशील. हे वाक्य आधी बोललीस तर संभाषण वेगळ्याच वळणाने जाईल.

ते बहुतेक नवी गोळी थोडी थोडी चढवतील आणि जुनी थोडी थोडी उतरवतील. याला आठवडे लागतात, कधी काही महिने. मधे झटके परत दिसू शकतात, घाबरून परत स्वतःच्या मनाने काही करू नको, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेव आणि त्यांना दाखव. मैत्रिणीला लॅमोट्रिजिन मानवली म्हणून तुला मानवेलच असं नाही, तुझ्यासारख्या झटक्यांत ती एखादीला उलट त्रास देते, आणि कार्बामाझेपिनने तर हे झटके वाढलेले मी बघितलेत. म्हणून नाव तू सुचवू नको, प्रश्न विचार. नव्या गोळीवर काही महिने शांत गेले आणि डॉक्टर म्हणाले की आता हरकत नाही, की मग बाळाचा विचार. तोपर्यंत निरोध म्हण, कॉपर-टी म्हण, जे काही ते, पण पक्कं. संततीनियमनाच्या गोळ्या घेणार असलीस तर डॉक्टरांना विचारून घे, काही फिट्सच्या गोळ्यांचं आणि त्यांचं पटत नाही.

आणि फॉलिक ॲसिड आत्तापासून, बाळाचा विचार नंतरचा असला तरी. ती नळी मिटायच्या वेळी ते अंगात असावं लागतं, पाळी चुकल्यावर सुरू करून उपयोग थोडा. वर सांगितलेल्या 25 केंद्रांच्या अभ्यासात ज्या आयांनी गर्भ राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं त्यांच्या मुलांचा सहाव्या वर्षीचा बुद्ध्यांक सरासरी 108 होता, न घेतलेल्यांच्या मुलांचा 101. स्वस्तातली गोळी आहे गं ती. दिवसाला कमीत कमी 0.4 मिलिग्रॅम असं 2024 च्या अमेरिकेतल्या न्यूरोलॉजिस्टांच्या मार्गदर्शनात आहे, आपल्याकडे फार्मसीत सर्रास 5 मिलिग्रॅमची मिळते, तुला किती ते डॉक्टरांकडून लिहून घे. मोठा डोस वर्षानुवर्षं आपल्या मनाने नको.

समजा एवढं करूनही मधेच दिवस राहिले. तरी गोळी सोडायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. एवढं लक्षात ठेव.

आता घरातलं. हे मला गोळीपेक्षा अवघड वाटतं.

नवऱ्याला सांग. लग्नाआधी सांगायला हवं होतं, हे मी गोड करून लिहीत नाही, पण तेव्हा तू पंचविशीतली मुलगी होतीस, आईने शपथ घातली होती आणि तिच्या डोळ्यांसमोर अशा कितीतरी मुली असतील ज्या फेफऱ्यापायी घरीच राहिल्या. माझी आत्या तशीच राहिली. घरच्यांनी तिच्यासाठी देवाला कौल लावले, अंगारे झाले, गोळी मात्र कुणी सुरू केली नाही, आणि शेवटी विहिरीवरून पाणी आणायचं काम सोडून तिला सगळी कामं दिली. आईची भीती मला कळते. पण आता तू मूल आणायच्या गोष्टी करतेयस आणि मुलाचा बाप अंधारात आहे, हे चालणार नाही, तत्त्व म्हणून नव्हे तर साध्या व्यवहारासाठी. रात्री फिट आली तर शेजारी झोपलेल्या माणसाला काय करायचं ते माहीत हवं ना. कूस वळवून झोपवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात चमचा-बोटं काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा एका मागून दुसरी आली तर 108 ला फोन. एवढंच. दहा मिनिटांत शिकवता येतं, पण आधी सांगायला हवं.

कसं सांगायचं, तर घरात नको, घरात भिंतींना कान असतात. त्याला बाहेर घेऊन जा, संध्याकाळी कुठे नदीकडेला बसा, आणि सगळं एकदम सांग, तुकड्यातुकड्यांनी नको. वय 14, चार फिट्स, ही गोळी, आईची शपथ, चवथीला बंद केली ते, नेवऱ्यांच्या ताटाचं. व्हिटॅमिनची बाटली त्याच्या हातात दे. मग म्हण, पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांकडे जायचंय, तू सोबत ये. तो चिडेल बहुतेक. लपवल्याचा राग येईल त्याला, आणि तो यायचा त्याचा हक्क आहे, त्याला दोन दिवस दे. पण डॉक्टरांच्या समोर, तिसऱ्या माणसाच्या तोंडून, हा आजार काय आहे आणि मुलं होतात का हे त्याने ऐकलं की बऱ्याच गोष्टी जागेवर येतात, मी वॉर्डात असे नवरे बघितलेत, आत शिरताना तोंड फुगवून आणि बाहेर पडताना बायकोची पिशवी हातात घेऊन. समज तसं झालं नाही, त्याने घर डोक्यावर घेतलं, तर माहेरी जा आणि तिथून उपचार चालू ठेव, गोळी बदलणं त्याच्या राजीनाराजीवर थांबवायचं नाही. एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवते, देशात इतर ठिकाणी लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून लिहिलेलं होतं, 1999 मध्ये तो शब्द काढून टाकला. आपल्या गोव्यात लग्नाचा कायदा वेगळा आहे, तेव्हा तशी वेळ आलीच तर इथल्या वकिलाला विचार. पण दिल्लीच्या संसदेलासुद्धा एवढं कळलं की फिट्स येणारी बाई संसार करू शकते, तर तुझ्या घरालाही कळेल.

सासूबाईंना नंतर, आणि ते त्याने सांगायचं, तू नाही. त्याच्या तोंडून आलं तर "आमच्या सुनेला आजार आहे" असं होतं, तुझ्या तोंडून आलं तर "आम्हाला फसवलं". आणि खरं सांगू, "हिचं लक्षच नसतं" हे ऐकत राहण्यापेक्षा हिला सकाळी झटके येतात हे त्यांना माहीत असलेलं बरं, निदान पहाटेचा कढत चहा तुझ्या हातात देणार नाहीत. झोपेचं त्यांना मुद्दाम समजावून सांगा. तुझ्यासारख्या फिट्सना जागरण म्हणजे आगीत तेल. चवथीला रात्री माटोळी, म्हणजे गणपतीवरचा फळापानांचा मांडव, बांधायला सगळ्यांसोबत जागी राहिली असशील, पहाटे परत स्वयंपाकघरात, आणि वर गोळी बंद, मग आणखी काय होणार होतं? माटोळी बांधायला दिवसा हात लाव. जत्रेतलं नाटक पहिल्या अंकापर्यंत बघ आणि घरी येऊन झोप, पहाटेपर्यंत बसणं तुझ्यासाठी नाही. याचं वाईट वाटतं मला, आपल्याकडे ती रात्र म्हणजे वर्षाचा आनंद, पण नाही म्हणजे नाही.

पुढचं थोडं आत्ताच सांगून ठेवते, कारण दिवस राहिल्यावर तुला दहा जणी दहा गोष्टी सांगतील. गरोदरपणात शरीर काही गोळ्या भराभर बाहेर टाकतं, लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण तर कधी कधी निम्म्याखाली येतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासून डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर परत खाली आणावा लागतो. डोस वाढला म्हणजे आजार वाढला असं कुणी म्हणेल, तसं नसतं ते. साधारण पाचव्या महिन्यात, 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास, सविस्तर सोनोग्राफी करून घ्यायची. अंगावर पाजता येतं, या गोळ्यांवर असताना सुद्धा, ज्या मुलांना आईने अंगावर पाजलं ती मागे पडलेली नाहीत, उलट सहाव्या वर्षी थोडी पुढेच होती. खरी काळजी बाळंतिणीच्या जागरणाची. रात्रीचं एक दूध नवऱ्याने पाजायचं, काढून ठेवलेलं असो नाहीतर पावडरीचं, हे बाळ यायच्या आधीच त्याच्याशी ठरवून ठेव. बाळाला खाली गादीवर बसून घे, लंगोट जमिनीवरच बदल, पलंगावर नको, आणि न्हाऊ घालताना सोबत कुणीतरी असू दे.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणी असतील, ज्यांना फिट्स नाहीत पण मायग्रेनसाठी किंवा मूडच्या आजारासाठी हीच गोळी चालू आहे, त्यांनीही पट्टीच्या मागचं नाव आज वाचा आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना तेच पहिलं वाक्य सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्हीही सोडायची नाही.

आणि तू, एक साधी वही कर. डाव्या पानावर तारीख, गोळी घेतली त्याची खूण, झोप किती तास; उजव्या पानावर सकाळी हात उडाले का, किती वेळा, हातात काय होतं. बांबोळीला जाशील तेव्हा ती वही त्या टेबलावर ठेव, आणि नवी गोळी कुठली दिली, झटके कसे आहेत, नवरा काय म्हणाला, हे मला परत लिहून कळव. मी वाट बघते.